कपाळावरची आठी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



बँकेच्या नोकरीत लोकांचे चेहरे पुष्कळ वाचले. स्वतःचा वाचायला मात्र उशीर झाला.

हिंगणघाटकडच्या एका शाखेत होतो. मार्च अखेरचे दिवस. मी लेजरमध्ये मान घालून, कपाळाला आठ्या. एक कापूस उत्पादक शेतकरी दोनदा टेबलापर्यंत आला आणि परत गेला. दुसऱ्या दिवशी शिपायाने सांगितलं, त्याला पीककर्जाचं विचारायचं होतं. "साहेब रागात दिसत होते, म्हून नाही इचारलं." मी रागावलो नव्हतोच हो! पण त्याला कसं कळावं? त्याला बोलावून काम करून दिलं. आणि गंमत म्हणजे, आठ्या घालून केलेली त्या दिवशीची बेरीजही चुकलीच होती.

निवृत्तीनंतर या विषयावर वाचत गेलो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांच्या दातांत काड्या धरायला लावून चेहरा हसरा ठेवला आणि त्यांना ताणाची कामं दिली. काम संपल्यावर हसऱ्या चेहऱ्यांच्या हृदयाचे ठोके इतरांपेक्षा कमी भरले. २०१८ च्या एका अभ्यासात २४ धावपटूंना हसत आणि आठ्या घालून असं दोन्ही पद्धतींनी धावायला सांगितलं. हसत धावताना शरीराची ऊर्जा सुमारे पावणेतीन टक्के कमी खर्च झाली. आपल्या मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी पाच जणांना घेऊन पहिला हास्य क्लब काढला. आधी विनोद सांगत. विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवायच हसू लागले!

पण बँकवाला आहे, दोन्ही बाजू मांडतो. २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ जणांवर प्रयोग झाला. हसरा चेहरा केल्याने मन थोडं प्रसन्न होतं, पण थोडंच, असं त्यातून दिसलं. म्हणजे हसू हे व्याज आहे, मुद्दल नव्हे. हसल्याने कर्ज फिटत नाही, दुखणं जात नाही. ज्याच्या घरी पीक बुडालं किंवा माणूस गेलं, त्याला "हसा बरं" असं कधीही म्हणू नका. त्याच्याजवळ नुसतं बसा.

आठी काढायची ती आपल्या कपाळावरची. जबडा सैल सोडा, एक श्वास घ्या, मग बोला. पाण्याच्या टाकीवरून आणि पार्किंगवरून पंचवीस वर्षं आपण भांडलो, पुढेही भांडू. पण सभेला येताना जिन्यातच आठी सोडून या. समोरच्याला निदान बोलायचं धैर्य होईल. त्या शेतकऱ्यासारखं कुणी आपल्या दारातून न बोलता परत जाऊ नये, एवढंच मागणं.