कापूस भरताना पोते बघा



भाव पाडायला व्यापाऱ्याला निमित्त लागते. ते आपणच पोत्यात भरून का न्यावे? खताच्या रिकाम्या पोत्याचा एक प्लॅस्टिकचा दोरा कापसात गेला, की जिनिंगमध्ये त्याचे तुकडे होतात आणि रुईसोबत १७० किलोच्या गाठीत दाबले जातात. त्यावर रंग चढत नाही. डाग दिसतो तो थेट कापडावर. गिरणी भाव कापते, आणि ती कात्री फिरत फिरत नांदेड-लातूरच्या पऱ्हाटीपर्यंत येते.

म्हणून आपण वेचणी करू ती जुन्या लुगड्याच्या ओटीत, दव उडाल्यावर. कवडी वेगळी. गाडीत सुती चादर, नायलॉनची दोरी नको. वजनासाठी पाणी मारा म्हणणारे गावोगाव भेटतात! हमीभावाच्या खरेदीत ओल ८ टक्क्यांवर गेली की भाव कापतात, १२ च्या वर कापूस घेतच नाहीत.