फुटपाथवरची पहिली पानं



आमंत्रणपत्रिकेत माझ्या नावाखाली 'ज्येष्ठ पत्रकार' असं छापलंय. खरं तर मी उपसंपादक. दुसऱ्याच्या बातमीतल्या चुका काढायच्या आणि एखादी नजरेतून सुटली, की सकाळी शिव्या खायच्या, यात माझी हयात गेली. अशा माणसाला बातम्यांचं संग्रहालय दाखवणं म्हणजे निवृत्त आचाऱ्याला पंगतीला बसवणं. तो आधी मुदपाकखान्यात डोकावणार.

2017 साली भाच्याकडे वॉशिंग्टनला गेलो होतो. तिथे पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर 'न्यूझियम' उभं होतं. एका अंगाला कॅपिटॉल, दुसऱ्या अंगाला व्हाइट हाऊस आणि मधे ही सात मजली काचेची इमारत. दर्शनी भागावर 74 फूट उंच संगमरवर, त्यावर अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे 45 शब्द कोरलेले. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा संसदेनं करू नये, हे त्याच शब्दांत येतं. संसदेत जाणाऱ्यांना जाता-येता दिसावं अशीच ती जागा निवडलेली.

पण पाय थबकले ते खाली, फुटपाथवर. काचेच्या चौकटींत त्या दिवशीच्या वर्तमानपत्रांची पहिली पानं ओळीनं लावलेली होती. अमेरिकेतल्या राज्याराज्यांतली आणि काही परदेशांतली, साधारण 80. रोज सकाळी ताजी पानं लागत. ऑफिसला निघालेली माणसं कॉफीचा कप हातात धरून वाचत उभी होती. आपल्याकडे वाचनालयाच्या उतरत्या फळीवर चार जण एकच पेपर वाचतात ना, अगदी तसंच. मी सवयीनं मथळ्यांतल्या चुका शोधायला लागलो.

तिकीट जवळपास 25 डॉलर. रस्त्यापलीकडे राष्ट्रीय कलादालन, तिथे प्रवेश फुकट. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही जाऊन या. मी इथेच वाचत बसतो."

आत बर्लिनच्या भिंतीचे आठ अखंड तुकडे होते आणि शेजारी पहाऱ्याचा मनोरा. भिंतीची पश्चिमेकडची बाजू रंगांनी, शब्दांनी, चित्रांनी बरबटलेली. वळसा घालून पूर्वेकडच्या बाजूला गेलो, तर कोरी पांढरी. त्या बाजूनं भिंतीजवळ जायचीच सोय नव्हती, तर लिहिणार कोण? सेन्सॉरशिपवर मी बरीच भाषणं ऐकली आहेत, काही स्वतः ठोकलीही आहेत. ती सगळी त्या कोऱ्या बाजूसमोर फिकी पडली.

आणखी एके ठिकाणी बराच वेळ उभा राहिलो. पांढरी डॅटसन मोटार. डॉन बोल्स या ॲरिझोनातल्या बातमीदाराची. 2 जून 1976 रोजी फिनिक्समध्ये बातमी देतो म्हणून कुणीतरी त्यांना हॉटेलात बोलावलं. वाट पाहिली, माणूस आलाच नाही. बोल्स परत मोटारीत बसले आणि खाली लावलेला बॉम्ब फुटला. अकरा दिवसांनी ते गेले. मग देशभरातले बातमीदार ॲरिझोनात जमले आणि एकमेकांशी असलेली स्पर्धा बाजूला ठेवून त्यांनी तिथल्या भ्रष्टाचाराचा माग काढला. ड्रायव्हरच्या बाजूचा उद्ध्वस्त पत्रा पाहताना मला आमचा एक जिल्हा बातमीदार आठवला. "कुणाला तरी भेटून येतो," एवढंच सांगून तो निघायचा. कुणाला, ते आम्ही कधी विचारलं नाही.

वरच्या मजल्यावर काम करताना जीव गमावलेल्या पत्रकारांची नावं काचेवर कोरली होती, दोन हजारांहून जास्त. डॅनियल पर्ल हे नाव शोधलं. 'वॉल स्ट्रीट जर्नल'चा हा माणूस मुंबईत राहून दक्षिण आशियाच्या बातम्या देत असे. 2002 मध्ये कराचीत त्याचं अपहरण झालं आणि खून.

एवढं पाहून मन जड झालं असताना प्रसाधनगृहात शिरलो आणि खुदकन हसलो. भिंतीच्या फरशांवर वृत्तपत्रांतले फसलेले मथळे छापले होते. मुद्राराक्षसाला योग्य जागी बसवलं होतं म्हणायचं! दुसऱ्या कुठल्या धंद्यानं आपल्या चुका अशा मांडल्या असत्या, असं मला वाटत नाही.

आता जरा हिशेबाचं. 1997 मध्ये हे संग्रहालय आधी नदीपलीकडे आर्लिंग्टनला सुरू झालं, तेव्हा प्रवेश फुकट होता. 2008 मध्ये या भव्य वास्तूत आलं आणि तिकीट लागलं. लोक येत होते, पण खर्च भागेना. शेवटी इमारत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला 37 कोटी 25 लाख डॉलरना विकली गेली आणि 31 डिसेंबर 2019 रोजी दारं बंद झाली. संगमरवर सुटा करून फिलाडेल्फियाला गेला.

व्यवस्थापन चुकलं, जागा महाग होती, हे सगळं खरंच असेल. पण श्रोतेहो, बातमी वाचायला फुटपाथवर गर्दी आणि तिकीटखिडकीशी हात खिशातच, हे मी ओळखत होतो. 'दर्पण'पासून आपले संपादक वर्गणीसाठी विनवण्या करत आले. 'केसरी'चा अंक एक जण घेई आणि पारावर दहा जण ऐकत. टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले, त्याची किंमत त्या ऐकणाऱ्यांकडून कोण वसूल करणार होतं? मी स्वतः निवृत्तीनंतर तीनपैकी दोन पेपर बंद केलेत. बायको म्हणाली, मोबाइलवर येतंच की.

तीन तासांनी बाहेर आलो. भाचा अजून काचेपाशीच होता. "सगळी वाचलीस?" विचारलं.

"मिशिगनपर्यंत आलोय," तो म्हणाला, "थोडं थांबा."