वृद्धांची तक्रार व आपलें कर्तव्य

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांचें गुणगान करणें योग्यच होय. परंतु त्या पिढींतील जे अद्याप हयात आहेत ते कोठें आहेत, हें विचारल्यावांचून तें गुणगान पुरें होत नाहीं. गोंदिया जिल्ह्यांतील कित्येक घरांतलीं मुलें पोटासाठीं नागपूर, रायपूर, पुणें येथें गेलीं. घराला कुलूप लागलें. म्हातारीं माणसें वृद्धाश्रमांत राहूं लागलीं. आपण त्यांना भेटावयास जातों, फळें देतों, रोझरी म्हणून परत येतों. पण त्यांपैकीं कोणी हळूच तक्रार केली, तर आपण काय करावें? याविषयींच आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम आमचीच चूक सांगतों. एका वृद्धाश्रमांत एक आजी आमचा हात धरून म्हणाल्या, "मला जेवण मिळत नाहीं." व्यवस्थापकांनीं वही दाखविली, दोन्ही वेळच्या जेवणापुढें खूण होती. अंगण स्वच्छ झाडलेलें होतें, आम्हांस चहाहि मिळाला. आजींना वयामुळें विसर पडत असेल, असें मानून आम्ही निघून आलों. परंतु आमच्यांतील एका भगिनीच्या मनाला चैन पडेना. तिच्या आग्रहावरून आम्ही न कळवितां, ऐन जेवणाच्या वेळीं, पुन्हां गेलों. ताट वेळेवर आलें, खाटेजवळच्या स्टुलावर ठेवलें गेलें, आणि अर्ध्या तासानें जसेंच्या तसें परत गेलें. मोतीबिंदूमुळें आजींना ताट दिसत नव्हतें. वाढणारी बाई एकटी, घास भरविण्यास तिला सवड नव्हती. वही खोटी नव्हती, आजीहि खोटें बोलत नव्हत्या. आम्हींच मात्र चौकशीवांचून निकाल दिला होता.

बंधुभगिनींनो, अशीच एक तक्रार ख्रिस्तसभेच्या आरंभीं उठली होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत ती आहे. रोजच्या अन्नवाटपांत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर जेरुसलेमांत सुरू झाली. प्रेषितांनीं ती दडपली नाहीं, तक्रार करणाऱ्यांस कृतघ्नहि म्हटलें नाहीं. त्यांनीं सर्वांस बोलाविलें, आणि सात विश्वासू पुरुष त्या कामीं नेमण्यांत आले. स्तेफन, फिलिप आदिकरून त्या सातांचीं नांवें पाहा : सर्व ग्रीक आहेत! ज्यांच्या बाजूनें तक्रार आली, त्यांच्याच जवळच्या माणसांकडे देखरेख गेली. यांत फार मोठें शहाणपण आहे.

फ्रान्समधील संत जान जुगान हिनें 1839 च्या हिवाळ्यांत एका आंधळ्या वृद्धेस घरीं आणून आपली खाट तिला दिली. त्यांतूनच गरिबांच्या लहान भगिनींचा संघ उदयास आला. 2009 सालीं जान जुगानला संतपद मिळालें. दुसऱ्याची सेवा कशी चालली आहे, हें त्याच्या खाटेपाशीं बसल्यावांचून कळत नाहीं.

म्हणून चौकशी कशी करावी, तें थोडक्यांत सांगतों. वृद्धांशीं एकांतांत व त्यांच्या बोलींत बोलावें. आपल्या जिल्ह्यांत कोणाची बोली पोवारी, कोणाची गोंडी, कोणाची छत्तीसगढी. पाणी हाताशीं आहे काय, चष्मा व कवळी जवळ आहे काय, अंथरुणाला खिळल्यामुळें पाठीला वा कंबरेला जखमा झाल्या आहेत काय, हें पाहावें. दिवस व वेळ लिहून ठेवावी. तक्रार करणाऱ्याचें नांव सर्वांपुढें घेऊं नये. आपण घरीं परततों, त्याला तेथेंच रात्र काढावयाची असते. नंतर व्यवस्थापकांची बाजू शांतपणें ऐकावी. पुष्कळदां दुष्टपणा नसतो, माणसें अपुरीं असतात. तथापि मारहाण किंवा जिवास धोका दिसल्यास, क्षणभरहि न थांबतां पोलिसांस कळवावें.

कायदाहि वृद्धांच्या पाठीशीं आहे. आईबापांचा व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण यांसाठीं 2007 सालीं कायदा झाला. महाराष्ट्रानें 2010 सालीं त्याचे नियम केले. मुलें सांभाळीत नसतील, तर उपविभागीय दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणांत अर्ज करतां येतो. आश्रमांतील हयगयीची तक्रार जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. ज्येष्ठांसाठीं 14567 हा दूरध्वनि क्रमांकहि आहे.

आमची विनंति एवढीच, कीं या महोत्सवाची खूण म्हणून आपल्या धर्मग्रामानें दोन-दोन माणसांच्या जोड्या नेमाव्या, व त्यांत वृद्धाश्रमांत राहणाऱ्यांचे नातलग अवश्य असावे. महिन्यांतून एकदां त्यांनीं जेवणाच्या वेळीं जावें आणि रिकामें झालेलें ताट आपल्या डोळ्यांनीं पाहूनच परत यावें. त्या आजींना आतां एक शेजारीण घास भरविते. हें काम दोन महिन्यांपूर्वींच होऊं शकलें असतें, याचें शल्य आमच्या मनांत आहे. तें शल्य तुमच्या वांट्यास न येवो, व वृद्धांचा क्षीण स्वर ऐकण्याची कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.