धरणाखालची नदी आणि सव्वीस नंबर

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'परदेशातले अनुभव'. नोकरी कशी लागली, घर कसं घेतलं, मुलं कुठं शिकली, हे तुम्ही चहाच्या वेळी विचारणारच आहात. म्हणून इथे मी एका नदीबद्दल आणि एका मित्राबद्दल बोलणार आहे. मित्र आपल्याच वर्गातला. तो समोर तिसऱ्या रांगेत बसलाय. "माझं नाव घेतलंस तर उठून जाईन," असा दम त्याने सकाळीच दिला आहे. म्हणून हजेरीपटावरचा नंबर तेवढा सांगतो : सव्वीस. मी सत्तावीस. बाकीचं तुम्ही ओळखा.

मी १९९८ साली नोकरीनिमित्त अटलांटाला गेलो. सव्वीस नंबर माझ्या आधीच तिथे पोहोचला होता. कराडात एका बाकावर बसणारे आम्ही दोघे जॉर्जिया राज्यात वीस मिनिटांच्या अंतरावर राहतो, हा योगायोगच. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही फक्त गणपतीला आणि दिवाळीला भेटायचो. मग एका शनिवारी पहाटे तो दारात उभा राहिला. हातात दोन लांब नळकांडी. म्हणाला, "चल, नदीवर जायचंय."

ती नदी म्हणजे चॅटाहूची. जॉर्जियाच्या डोंगरात उगम पावते, अटलांटाला पाणी पाजते आणि पुढे अलाबामाच्या सीमेवरून फ्लोरिडाकडे जाते. अटलांटाच्या ईशान्येला, तासाभराच्या अंतरावर, तिच्यावर ब्युफर्ड धरण आहे. १९५० च्या दशकात ते बांधलं. मागे जो जलाशय झाला त्याचं नाव लेक लेनियर. आपल्या शिवसागराखाली जशी गावं गेली, तशी तिथेही शेतं आणि घरं पाण्याखाली गेली. आणि पाण्याची भांडणं? तीही आपल्यासारखीच. आपल्याकडे कृष्णेच्या पाण्यासाठी लवाद बसतात, तिकडे जॉर्जिया, अलाबामा आणि फ्लोरिडा ही तीन राज्यं कित्येक वर्षं कोर्टात भांडत होती. फ्लोरिडाने जॉर्जियाविरुद्ध लावलेला दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली फेटाळला.

आता मुद्द्यावर येतो. जॉर्जिया हा उष्ण प्रदेश. जुलैमध्ये तिथे आपल्या एप्रिलसारखं ऊन असतं. ट्राउट हा मासा मात्र थंड पाण्याचा. पाणी वीस अंशांच्या वर जाऊ लागलं की त्याचा जीव कासावीस होतो. मग तो चॅटाहूचीत, अटलांटाच्या उंबऱ्यावर, जगतो कसा?

याचं उत्तर आपल्याला विज्ञानाच्या सरांनी आठवी-नववीतच दिलं होतं. होपचं उपकरण आठवतं का? मध्ये बर्फ आणि मीठ, वर एक तापमापी, खाली एक तापमापी. पाण्याचं असंगत आचरण! थंड पाणी जड होऊन तळाला बसतं आणि चार अंशांना पाणी सगळ्यात जड असतं. परीक्षेत पाच मार्कांना यायचं म्हणून आपण ते पाठ केलं. लेक लेनियरमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर घडतं. हिवाळ्यातलं थंड पाणी तळाशी राहतं. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, हलका होतो आणि वरच तरंगतो. दोन्ही थर मिसळत नाहीत. धरणातून विजेसाठी पाणी सोडतात ते खोलातून. त्यामुळे बाहेर पस्तीस अंश तापमान असताना धरणाखालच्या नदीत पाणी दहा अंशांच्या आसपास असतं. उन्हाळ्यात सकाळी नदीवर धुकं उतरतं आणि आम्ही घामेजलेल्या कपाळाने गारठलेले पाय घेऊन उभे असतो. पावसाळ्यानंतर आपल्या विहिरीचं पाणी बदलतं ना, तसं शरद ऋतूत तलावही उलटतो. वरचं पाणी गार होऊन खाली जातं, तळातलं लोह-मँगनीज मिसळलेलं पाणी नदीत येतं, नदी हिरवट गढूळ होते आणि मासे तोंड उघडत नाहीत. तेवढे आठवडे आम्ही घरी बसून बायकांची बोलणी खातो.

धरण होण्याआधी नदीच्या या भागात ट्राउट नव्हतेच. रेनबो ट्राउट मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांतला. ब्राऊन ट्राउट युरोपातला. अमेरिकेत तो १८८३ साली जर्मनीतून आला. म्हणजे त्या नदीत मासेही बाहेरून आलेले आणि धरणारेही बाहेरून आलेले. रेनबो अजून मत्स्यबीज केंद्रातून आणून सोडावा लागतो. ब्राऊनने मात्र तिथेच संसार थाटला. तो आता नदीत स्वतःच अंडी घालतो आणि वाढतो. सव्वीस नंबर म्हणतो, "याला ग्रीनकार्ड मिळालं."

आता ही मासेमारी कशी ते सांगतो. आपण लहानपणी प्रीतिसंगमावर पाहिलंय : गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी, जवळ शिशाचं वजन, आणि भिरकावून द्यायचं. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला वजनच नसतं. गळावर दोरा, पिसं आणि केस गुंडाळून किडा तयार केलेला असतो, तो फुंकरीनेही उडेल. इथे वजन असतं दोरीला. नऊ फुटी लवचीक काठीने ती जाड दोरी हवेत मागे न्यायची, मागे ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे सोडायची. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. घाई केली की चाबकासारखा आवाज येतो आणि किडा तुटून जातो. टोकाला केसासारखा बारीक, पारदर्शक धागा असतो, तो माशाला दिसता कामा नये. धरणाखालच्या नदीत माशांचं खाणं म्हणजे चिलटांच्या अळ्या, त्यामुळे आमचे गळही तांदळाच्या कणीएवढे. चाळिशीनंतर त्यात धागा ओवायचा म्हणजे चष्म्यावर चष्मा लागतो. शिवाय तो किडा प्रवाहाच्याच वेगाने वाहत गेला पाहिजे. जरा ओढल्यासारखा दिसला की ट्राउट मान फिरवतो.

मासा लागला तर हात ओले करून धरायचा, गळ काढायचा आणि तोंड प्रवाहाकडे करून सोडून द्यायचा. नियमाने दिवसाला आठपर्यंत नेता येतात, पण आम्ही सोडतो. माझी आई तिकडे आली होती तेव्हा हे ऐकून म्हणाली, "सोडायचाच तर धरायचा कशाला? पहाटे उठून सोडलेलाच बरा!" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

पण या नदीत मासे धरण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वेळेवर बाहेर येणं. ही नदी पावसावर चालत नाही, विजेच्या मागणीवर चालते. अटलांटात दुपारी एसी सुरू झाले की धरणाची जनित्रं सुरू होतात. गुडघाभर पाण्यात तुम्ही उभे आहात आणि काही मिनिटांत नदी कित्येक फूट चढते. तेही दहा अंशांचं पाणी. त्यात माणसाचे हातपाय फार वेळ चालत नाहीत. म्हणून धरणापासून हायवे २० च्या पुलापर्यंत लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे. पाणी कधी सोडणार ते फोनवर विचारता येतं, पण वेळापत्रक बदलू शकतं असं काठावरच्या पाट्यांवर लिहिलेलं आहे. आणि पाणी सोडण्याआधी धरणाजवळ भोंगा वाजतो. आपल्याला भोंग्याचं काय नवल? कोयनेचे दरवाजे उचलले की संगमावर पाणी चढायचं, हे बघतच आपण वाढलो. नदीकडे पाठ करायची नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता सव्वीस नंबरबद्दल. पुढचं मी त्याच्या परवानगीने सांगतो. "कानाचं सांग, लपवण्यासारखं त्यात काही नाही," हे त्याचेच शब्द.

पन्नाशीनंतर त्याला ऐकू येणं कमी होत गेलं. आधी डावा कान, मग उजवा. यंत्रं आहेत, पण वाहत्या पाण्याच्या खळखळाटात ती सगळाच आवाज मोठा करतात. नदीत तो यंत्रं काढून खिशात ठेवतो. म्हणजे भोंगा ज्याने ऐकायचा त्यालाच भोंगा ऐकू येत नाही. बऱ्याच दिवसांनी मला कळलं की तो एकटा जायचा बंद झालाय. कारण विचारलं तर "गुडघे दुखतात" म्हणाला. गुडघे माझेही दुखतात. शेवटी आमच्या वहिनींनी खरं सांगितलं. मग मी ठरवलं, दर शनिवारी मी जायचं. भोंगा मी ऐकायचा, मासे त्याने धरायचे. माशांच्या बाबतीत तसंही हेच चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली गोष्ट. अकराला पाणी सुटणार होतं, आमचा नियम अर्धा तास आधी बाहेर पडायचं. साडेदहाला मी काठावर आलो. तो माझ्याकडे पाठ करून मांडीभर पाण्यात उभा, काठी अर्धी वाकलेली. चांगला थोराड ब्राऊन लागला होता. मी हाका मारल्या, शिट्टी वाजवली. काही उपयोग नाही. मला परत आत उतरून त्याच्यापर्यंत जायला वेळ लागला असता, आणि मग दोघंही आत. माझ्या हातात काठी होतीच. दोरी मागे नेली, थांबलो आणि सोडली. ती त्याच्या टोपीवर पडली. तो चिडून वळला. मी हात वर करून चार बोटं आडवी केली.

आता ही खूण या सभागृहात अर्ध्या लोकांना माहीत आहे. सर फळ्याकडून वळायच्या आधी मागच्या बाकावरून पुढे ती खूण जायची : आवर, सर वळतायत! (गुरुजनांनी आता माफ करावं, चाळीस वर्षं झाली.) त्याने ती पाहिली, माशाकडे एकदा पाहिलं, धागा हाताला गुंडाळून तोडला आणि काठाकडे चालू लागला. इतका मोठा मासा त्याला त्या नदीत आधी लागला नव्हता.

आम्ही वर येऊन बसलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आरं, वाजला का?" मी म्हणालो, "आत्ता वाजतोय." तो काही बोलला नाही, पाण्याकडे बघत राहिला. काठालगत एक काळा खडक आहे, त्यावरून आम्ही पाण्याची पातळी बघतो. तो आधी ओला झाला, मग निम्मा झाला, मग दिसेना. त्याने भोंगा ऐकला नाही, पाहिला.

परतताना गाडीत म्हणाला, "आता बास. तुझ्या जिवाला घोर नको." मी गाडी एका हॉटेलाशी थांबवली, दोन कॉफ्या घेतल्या आणि कागदावर नियम लिहायला बसलो. शाळेत करायचो तसंच. एक : दोघांत पंधरा पावलांपेक्षा जास्त अंतर नाही. दोन : तो वरच्या बाजूला, मी खालच्या बाजूला आणि दर दहा मिनिटांनी त्याने मागे बघायचं. तीन : मनगटावर थरथरणारं घड्याळ, वेळ संपण्याआधी दोनदा. चार : बोटांच्या खुणा शाळेच्याच, नवीन शिकायच्या नाहीत. त्याने तो कागद वाचला आणि खाली पाचवा नियम लिहिला : टोपीवर गळ टाकू नये, टोपी महाग आहे.

गेल्या दोन वर्षांत आम्ही एकही शनिवार फारसा चुकवलेला नाही.

मित्रमैत्रिणींनो, आता आपण सगळेच अशा वयात आहोत की कुणाचा कान, कुणाचे डोळे, कुणाची साखर, कुणाची पाठ. आपल्यातल्या काहींचं माणूस गेलंय, काहींची मुलं लांब आहेत. असं काही झालं की माणूस आपली आवडीची गोष्ट हळूच सोडून देतो आणि कारण दुसरंच सांगतो. गुडघे दुखतात म्हणतो. माझं एवढंच सांगणं आहे की आज घरी गेल्यावर हजेरीपट आठवा. आपल्या पुढचा नंबर कोण, मागचा कोण, त्यांना फोन करा. ते काय करायचे थांबलेत ते विचारा. आणि जमलं तर सोबत जा. काही करावं लागत नाही, नुसतं काठावर उभं राहून लक्ष ठेवलं तरी पुरतं.

ज्या गुरुजनांनी आम्हाला होपचं उपकरण शिकवलं आणि बोटांच्या खुणा दिसूनही न दिसल्यासारखं केलं, त्यांना नमस्कार करतो आणि थांबतो.

सव्वीस नंबर, हे ऐकू आलं नसेल तर स्मरणिकेत वाच.