समूहनृत्य आणि किशोरवयीन मन



तेराव्या-चौदाव्या वर्षीं मुलांच्या अंगांत जसें बळ येतें, तशीच मनांत एक अस्वस्थताहि येते. कालपर्यंत घरभर हुंदडणारी मुलगी एकाएकीं अबोल होते. सकाळीं शाळेची वेळ झाली कीं तिचें डोकें दुखूं लागतें, पोटांत कळ येते. घरचीं वडील माणसें प्रथम औषध देतात, मग रागें भरतात. दुखणें खोटें नसतें; पण त्याचें मूळ पुष्कळदां पोटांत नसून मनांत असतें.

अशाच मुलींसाठीं स्वीडन देशांतील ओरेब्रो शहरीं एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. १३ ते १८ वर्षांच्या या ११२ मुली डोकेदुखी, पोटदुखी, थकवा, उदासपणा अशा तक्रारी घेऊन शाळेच्या परिचारिकेकडे वारंवार जात असत. सोडतीच्या पद्धतीनें त्यांचे दोन गट पाडले. एका गटासाठीं आठ महिने, आठवड्यांतून दोनदां, ७५ मिनिटांचा नृत्यवर्ग ठेवला. दुसऱ्या गटाचा नित्यक्रम पूर्ववत् चालूं राहिला. पुढें “तुला स्वतःची प्रकृति कशी वाटते?” असें विचारतां नृत्यवर्गांतील मुलींच्या उत्तरांत अधिक सुधारणा दिसली. वर्ग संपून वर्ष लोटल्यावरहि तो फरक टिकून होता.

या वर्गांत एक पथ्य कटाक्षानें पाळलें होतें. भर हालचालींतील आनंदावर होता. कौशल्याच्या प्रदर्शनावर नव्हता.

मिळून नाचण्यांत असा कोणता गुण आहे? ब्राझीलमधील २६४ शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. एका तालांत हालचाल केलेल्या मुलांना आपल्या गटाविषयीं अधिक जवळीक वाटली व वेदना सोसण्याची त्यांची शक्तिहि वाढली. अंगमेहनतीच्या हालचालीनेंहि तसेंच घडलें. म्हणजे श्रमाचा गुण निराळा आणि तालाचा निराळा. समूहनृत्यांत दोन्ही एकत्र येतात.

महाराष्ट्राला हें अपरिचित नाहीं. हलगीच्या ठोक्यावर चालणारी लेझीम घ्या, कीं श्रावणांतला झिम्मा घ्या. दम लागतो, घाम येतो आणि शेजारच्याच्या पावलाशीं पाऊल जुळतें.

परंतु अनेक शाळांतून काय घडतें? स्नेहसंमेलन जवळ आलें कीं रूप, उंची व पदन्यास पाहून दहा-बारा मुलें निवडलीं जातात. बाकीचीं सतरंजीवर बसून टाळ्या वाजवितात. लाजणारा, पाऊल चुकणारा, कोपऱ्यांत उभा राहणारा मुलगा पहिल्याच दिवशीं वगळला जातो. ज्याला या औषधाची गरज अधिक, त्यालाच तें मिळत नाहीं.

नृत्य हा सर्व दुःखांवरील रामबाण उपाय नव्हे. मुलाची झोप उडाली, जेवण तुटलें, उदासी आठवडेच्या आठवडे हटेना, तर वैद्यकीय सल्ला घेतलाच पाहिजे. पण ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं दररोज सरासरी ६० मिनिटें अंगाला श्रम होईल अशी हालचाल करावी, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतील कांहीं वेळ सगळा वर्ग मैदानावर उतरवून लेझमीला द्यावा. तेथें निवड नसावी, बक्षीस नसावें, प्रेक्षकहि नसावेत. एखाद्याचें पाऊल चुकेल, चुकूं द्यावें. त्याला रांगेंतून मात्र बाहेर काढूं नये.