वळणावरचा उजेड

गणेशगुडीहून जोयड्याकडे आणि पुढे अणशी घाटाने कारवारकडे जाणारा रस्ता ज्यांनी रात्री पाहिला आहे, त्यांना हे सांगावयास नको. वळण येते, मोटार वळू लागते आणि दिवे मात्र समोरच्या झाडीवर प्रकाश पाडीत राहतात. साधा हिशेब करून पाहा. वळणाची त्रिज्या 30 मीटर असेल, तर नाकासमोर 20 मीटरांवर पडणारा उजेड रस्त्याच्या मध्यापासून सुमारे 6 मीटर बाहेर गेलेला असतो. म्हणजे जेथे जावयाचे तेथे अंधार! ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 11 मीटर धावते. त्या अंधारात गवा उभा असला तर? त्याचे अंग काळे. गुडघ्याखालचे पांढुरके पाय तेवढे चटकन दिसावयाचे, तेही त्यांच्यावर उजेड पडला तर.

दिवाच वळवावा, ही कल्पना नवी नव्हे. 1948 सालच्या अमेरिकन टकर मोटारीला मधोमध तिसरा दिवा होता. तो चक्राबरोबर वळे. 1967 पासून फ्रान्सच्या सित्रोएन डीएस मोटारीचे आतले दोन दिवे तसेच फिरू लागले. आता हे काम यंत्र करते. चक्र किती फिरले, वेग किती, हे पाहून एक लहानशी मोटर दिव्याला वळणाच्या बाजूस झुकवते. ते झुकणे थोड्याच अंशांचे असते. घाटातील अगदी आवळलेल्या वळणास ते पुरत नाही.

याच घराण्यातील दुसरा प्रकार अधिक चतुर आहे. त्यात एका दिव्यात अनेक बारीक एलईडी असतात आणि काचेमागे एक कॅमेरा. समोरून गाडी आली की तिच्यावर पडणारे तेवढेच किरण मंदावतात. बाकीचा रस्ता उजळलेला राहतो. आपल्याकडे पूर्वी दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवीत. हेतू तोच, उपाय मात्र ओबडधोबड.

येथे माझी एक शंका आहे. हा कॅमेरा मुख्यतः दुसऱ्या वाहनांचे दिवे हुडकतो. नाताळच्या सुट्टीत काळी नदी पाहावयास येणाऱ्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हा कडेने पायी घरी जाणाऱ्या माणसाच्या हाती दिवा नसतो. पुष्कळ यंत्रांच्या लेखी तेथे कोणी नाहीच, आणि प्रखर झोत त्याच्या डोळ्यांवर तसाच राहतो. दिपलेले डोळे सावरावयास काही सेकंद लागतात, वय झाले असेल तर अधिक. तेवढ्यात पाऊल रस्त्यावर पडते की गटारात, हे त्याचे त्यालाच कळत नाही.

शिवाय वळणापलीकडची गाडी समोर आल्यावाचून कॅमेऱ्यास दिसत नाही. घाटातला जुना चालक तिचा उजेड पलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर आधीच पाहतो आणि डिपर देतो.