कॉमिक्स वाचायची आहेत, पण सुरुवात कुठून करू?

 

आज विषय कॉमिक्स आणि ग्राफिक नॉव्हेलचा. मी श्रीरामपूरचा, बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मित्रमंडळींत कॉमिक्सवाला म्हणून मला ओळखतात. त्यामुळे "पहिलं कोणतं वाचू?" हा प्रश्न मला कायम येतो. आणि एकदा मी त्याचं उत्तर फार वाईट दिलं होतं.

माझा मामेभाऊ आयटीआय करून चाकणला कंपनीत लागला. खोलीवर एकटा असायचा. म्हणाला, "दादा, काहीतरी वाचायला दे." मी मोठ्या ऐटीत त्याच्या हातात 'वॉचमेन' ठेवलं. महिन्याने त्याने ते परत दिलं. वीसेक पानं झाली होती. म्हणाला, "दादा, मला बहुतेक वाचताच येत नाही. चित्रं असूनपण कळंना."

मला फार लागलं ते. चूक माझी होती आणि मठ्ठ तो स्वतःला समजत होता.

आता बघा, 'वॉचमेन' १९८६-८७ मध्ये १२ अंकांत आलं. सुपरहीरोंच्या गोष्टींची ती उलटतपासणी आहे. ज्याने सुपरहीरो कधी वाचलेच नाहीत, त्याला ती कशी कळणार? त्यात इंग्रजी अवघड. पोरगं मराठी मीडियमचं. "सर्वांत भारी कोणतं" आणि "सर्वांत आधी कोणतं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला तेव्हा समजलं.

मग मी नव्याने विचार केला. तोच आज सांगतो.

पहिलं, ओळखीच्या गोष्टीपासून सुरू करा. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेत चांदबीबीवर अंक आहे, अहिल्याबाईंवरही आहे. आपण नगरचे लोक. भुईकोट किल्ला बाहेरून का होईना पाहिलेला असतो. चांदबीबीच्या महालावर सहलीला गेलेलो असतो (ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे, बरं का!). अहिल्याबाईंची चौंडी तर आपल्याच जामखेड तालुक्यात. पुढे काय होणार हे माहीत असलं, की डोळे चित्रावर थांबतात. चित्रकाराने काय दाखवलं, काय गाळलं, हे दिसायला लागतं. कॉमिक वाचणं म्हणजे निम्मं हेच. दोन चौकटींच्या मधल्या मोकळ्या जागेत जे घडतं, ते आपण मनात भरायचं असतं.

दुसरं, भाषा अडत असेल तर शब्दच नसलेलं पुस्तक घ्या. शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं 'द अरायव्हल', २००६ चं. एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून परक्या शहरात कामाला जातो. तिथली लिपी त्याला वाचता येत नाही आणि आपल्यालाही येत नाही, कारण ती चित्रकाराने स्वतः बनवलेली आहे. म्हणजे इंग्रजी मीडियमवाला आणि मराठी मीडियमवाला, दोघंही एकाच रांगेत!

तिसरं, 'भीमायन'. २०११ मध्ये आलेलं हे पुस्तक दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चितारलंय. बाबासाहेबांना पाणी, निवारा आणि प्रवास यासाठी काय सोसावं लागलं, ते त्यात आहे. प्रसंग आपल्या ओळखीचे, पण मांडणी एकदम नवी. नेहमीच्या चौकटी नाहीतच. विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्यासारखा. कोण कसं बोलतंय, हे अक्षरं वाचायच्या आधीच कळतं.

इथवर आलात की रस्ता मोकळा. 'पर्सेपोलिस' घ्या. १९९२ मध्ये विशेष पुलित्झर मिळालेलं 'माउस' घ्या. सुपरहीरोच हवा असेल तर १९३८ पासूनचे अंक शोधत बसू नका. 'बॅटमॅन: इयर वन'सारखी चार अंकांत संपणारी गोष्ट उचला. मांगा घेतलंत तर उजवीकडून डावीकडे वाचायचं, हे लक्षात ठेवा. नाहीतर सगळं उलटं वाटेल.

आणि एक मोबाईलवाल्यांसाठी. एकेक चौकट मोठी करून सरकवत जाऊ नका. आधी पूर्ण पान बघा, मग आत शिरा. चित्रकाराने पान अख्खं रचलेलं असतं. पुस्तकं स्वस्त नाहीत, मान्य. मित्रांकडून, लायब्ररीतून मागून वाचा. मीही तेच करतो.

तर मामेभाऊ. पुढच्या वेळी त्याला 'द अरायव्हल' दिलं, काहीही न सांगता. चार दिवसांनी रात्रपाळीच्या सुट्टीत त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, हा माणूस चाकणला आल्यासारखाच वाटतोय. मलापण पहिल्या आठवड्यात कोणती बस कुठं जाते ते कळत नव्हतं." मग थोडं थांबून म्हणाला, "अजून आहे का असलं काही?"

'भीमायन' सध्या त्याच्याकडेच आहे. परत मागितलेलं नाही.

तुमच्या घरात, मित्रांत असं "मला वाचन जमत नाही" म्हणणारं कुणी असेल, तर त्याला आधी विचारा, पहिलं पुस्तक कुणी दिलं होतं आणि कोणतं. मग यातलं एक त्याच्या हातात ठेवा. भेटू पुढच्या भागात.